हेल्मेट काढल्यावर: किनाऱ्यावरचे रायडर आणि रंगाचा प्रश्न (अनुभव धागा)

पाऊस ओसरला की रेवस ते रेड्डी सागरी रस्त्यावर बाइकवाल्यांची रीघ लागते. समोरून येणाऱ्याला हात करायचा, कोणी कडेला थांबलेला दिसला तर 'काय झालं?' विचारायचं, ही या रस्त्याची रीत. पण ती सगळ्यांना सारखी लागू होते का? रंगावरून, नाकाडोळ्यांवरून कोणाला वेगळं वागवलेलं पाहिलंत, सोसलंत, अडवलंत? लिहा. हॉटेलांची आणि माणसांची नावं नकोत. 'आपल्याकडे वर्णभेद नाहीच' एवढंच लिहायचं असेल तर सोबत एक अनुभवही जोडा.

मुरुडहून

दिघीहून आगरदांड्याला येताना जंगलजेटीवर, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीवर, एक रायडर भेटला. केए पासिंगची जुनी पल्सर, मागे ताडपत्रीत बांधलेलं सामान. चेन सैल झाली होती, म्हणून मी पाना काढून दिला. त्याने हेल्मेट काढलं. काळाभोर रंग, बारीक कुरळे केस. शेजारच्या कारमधले काका लगेच उतरले. "व्हिच कंट्री?"

"यल्लापूर."

काकांना तो देश आफ्रिकेत नेमका कुठे ते आठवेना. मग यानेच मराठीत सांगितलं, कारवारवरून घाट चढून वर या, तिथे आमचं गाव. उत्तर कन्नडमधला सिद्दी, म्हणजे पूर्वी आफ्रिकेतून इथे आलेल्यांचा वंशज. त्या भागात सिद्दींच्या बऱ्याच वस्त्या आहेत. कोणी हिंदू, कोणी मुसलमान, कोणी ख्रिश्चन. काकू म्हणाल्या, "अय्या, किती छान मराठी बोलतो!" हल्याळ-बेळगावकडे मराठी बोलणारे पैशाला पासरी आहेत, त्यांचं असं कौतुक कधी कोणी केलेलं ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याला राजपुरीहून जंजिऱ्याला घेऊन गेलो. गाइड रंगात आलेला: कलाल बांगडी तोफ, कोणालाही न मिळालेला किल्ला, १९४८ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत सिद्दी नवाबांचं राज्य. पर्यटक माना डोलावतायत आणि त्यातलाच एकजण मोबाइल तिरका धरून याचा फोटो काढतोय, न विचारता. हा म्हणाला, "किल्ल्याचा काढा ना, आमच्याच लोकांचा आहे." होडीत तेवढ्यापुरती शांतता. मग गाइडच मोठ्याने हसला.

पुण्याहून, मूळचा शिलाँगचा

कॉलेजपासून पुण्यात आहे, मराठी इथेच शिकलो. ग्रुपबरोबर ताम्हिणी उतरून दापोलीला चाललो होतो. वाटेत नाकाबंदी. बाकीच्यांची लायसन्सं बघून सोडलं, माझं लायसन्स, मग आधार, मग "पासपोर्ट आहे का?" आमच्यातल्या सगळ्यात वयस्कर दादांनी गाडी बंद केली, स्टँडवर लावली आणि म्हणाले, "साहेब, मग आमचेही पासपोर्ट बघा. आमच्याकडेही नाहीत." भांडण नाही, आवाज चढवला नाही. साहेबांनी हाताने 'जा' केलं.

हर्णैच्या मासळी लिलावात पोरं 'चायना, चायना' करत मागे लागली, त्याचं तेवढं वाटलं नाही. २०२० मध्ये मोठी माणसं रस्त्यात 'कोरोना' म्हणायची, ते जास्त लागलं. २०१४ मध्ये दिल्लीत अरुणाचलच्या निडो तानियाचा मारहाणीनंतर मृत्यू झाला, बेझबरुआ समिती नेमली, तिने अशा शेरेबाजीसाठी कायद्यात वेगळी कलमं सुचवली. नाक्यावर उभा असतो तेव्हा मला त्या समितीपेक्षा स्टँडवर लावलेली बुलेट जास्त उपयोगी पडते, हेही खरं.

रत्नागिरीहून (बाईमाणूस, क्लासिक ३५०)

आमच्याकडे आंब्याच्या बागांची राखण बहुतेक नेपाळी माणसं करतात, बोटींवर खलाशीही तेच. पावसजवळ माझी क्लच केबल तुटली. अर्धा डझन ओळखीच्या गाड्या 'काय वहिनी?' म्हणत पुढे गेल्या. थांबला तो स्प्लेंडरवरचा एक राखणदार. त्याने न्यूट्रलमध्ये चालू करून, ढकलत ढकलत गिअर कसा टाकायचा ते सांगितलं, स्वतः ढकललं आणि गॅरेजपर्यंत मागोमाग आला.

गॅरेजशेजारच्या टपरीवर मी दोन चहा सांगितले. मला काचेच्या ग्लासात आला, त्याला कागदी कपात. ग्लास संपले असतील म्हणावं, तर ट्रेमध्ये चार धुतलेले पालथे घातलेले दिसत होते. मी माझा ग्लास त्याच्यापुढे सरकवला आणि कप घेतला. टपरीवाला म्हणाला, "अहो वहिनी, त्यांना सवय असते." त्यांना म्हणजे कोणाला, विचारलं, तर गॅस बारीक करायला वळला. राखणदाराने ग्लासाला हात लावला नाही. मला ओशाळल्यासारखं झालं, कारण तमाशा माझा आणि संकोच त्याला.

याच शहराने ब्रह्मदेशातून हद्दपार झालेल्या थिबा राजाला १८८६ पासून मरेपर्यंत, म्हणजे १९१६ पर्यंत पाहिलंय. त्याच्या मुलीचा संसार इथेच झाला, नात मराठी बोलत इथेच म्हातारी झाली. थिबा पॅलेस पाहुण्यांना दाखवताना आम्ही हे सगळं अभिमानाने सांगतो. तसाच चेहरा स्प्लेंडरवर दिसला की तो 'गुरखा'.

सावंतवाडीहून

धागा एकतर्फी चाललाय. गोव्यात एमएच ०७ दिसली की आम्हालाही थांबवतात, तो काय वर्णभेद? रायडरच्या टोळ्या रात्री सायलेन्सर काढून गावातून जातात, मग लोक परक्याकडे संशयानेच बघणार.

मुरुडहून, वरच्याला

सायलेन्सरचं अगदी मान्य, कानठळ्या आमच्याही बसतात. पण तुम्हाला पावती फाडून सोडतात, कुठल्या देशाचे म्हणून विचारत नाहीत.

गुहागरहून, होमस्टे चालवतो

रायडर हेच आमचं निम्मं गिऱ्हाईक. आमच्या वाडीतल्या एकाने पुण्यात शिकणाऱ्या दोन नायजेरियन पोरांना संध्याकाळी दारातून परत पाठवलं. कारण सांगितलं, 'परदेशी पाहुण्याचं पोलिसांकडे कळवावं लागतं, ती भानगड आमच्याकडे नाही.' त्याच आठवड्यात त्याच्याकडे एक गोरं जोडपं भाड्याच्या हिमालयनवर आलं. त्यांना खोली, घावणे, सोलकढी, वर शहाळी फुकट. अंगणातला फोटोही व्हॉट्सअॅपला लागला. त्यांच्यापुढे ती भानगड कुठे गेली होती कोण जाणे.

ती दोघं माझ्याकडे राहिली. आईने सुरुवातीला मला आत बोलावून विचारलं, 'चालेल ना रे?' सकाळी तीच त्यांना फणसाची भाजी आग्रहाने वाढत होती आणि ती तिखट लागली तरी पोरं बोलत नव्हती. दोघांपैकी एकाच्या बाइकची चेन माझ्यापेक्षा स्वच्छ होती, यावरून बाबांनी मला ऐकवलं ते वेगळंच.

ज्यांना खरंच भीती वाटते त्यांच्यासाठी: परदेशी पाहुणा आला की २४ तासांत त्याच्या माहितीचा फॉर्म (पूर्वीचा सी फॉर्म) भरायचा, तो ऑनलाइन भरता येतो. पासपोर्ट आणि व्हिसाचे तपशील लागतात. त्यात कातडीच्या रंगाचा रकाना नाही.