सोलापूर ते न्यूयॉर्क : पंधरा तास म्हणे!

लेक न्यू जर्सीत, तिच्या बाळंतपणाला जायचंय. आम्हा दोघांचा पहिलाच विमानप्रवास. नेटवर मुंबई–न्यूयॉर्क साधारण १२,५०० किलोमीटर, थेट विमानाला पंधरा-सोळा तास असं दिसतं. यांनी कॅलेंडरवर एकच दिवस खुणावलाय! घराला कुलूप लावल्यापासून खरा किती वेळ लागतो? जाऊन आलेल्यांनी सांगा की, नावाऐवजी सोलापुरातला आपला भाग लिहिला तरी चालेल.

जुळे सोलापूर : काकू, आधी ते कॅलेंडर पुसा. आम्ही पहाटे सहाच्या वंदे भारतनं निघालो, दुपारी साडेबाराला सीएसएमटी. विमान रात्री अडीचचं. मधे पार्ल्याला मावसबहिणीकडे टेकलो. तिकडच्या रांगा, बॅगा, मग मुलाचं घर, सगळे मिळून चाळीस तास. त्यातले हवेत सोळा. आणि उतरलो तर त्याच तारखेची सकाळ! बीपीची गोळी नेमकी कधी घ्यायची यावर आमचं विमानातच भांडण. डॉक्टरांना निघायच्या आधीच विचारून घ्या.

सात रस्ता : विमानाच्या दिवशीच मुंबईत पोचू, असला हिशेब नको. आमची गाडी वाटेत अडीच तास उभी होती. पाय धुवायलासुद्धा वेळ मिळाला नाही.

विजापूर रोड : मुंबई–दुबई १,९०० किलोमीटरच्या वर, विमानाला तीन तास. सोलापूर–मुंबई रस्त्यानं ४००, त्याला सात-आठ तास! आम्ही तर हैदराबादवरूनच जातो, ते ३०० च्या आसपास पडतं.

अशोक चौक : चाळीस वर्षं मागावर काढली, म्हणून सांगतो. मुलगा सॅन फ्रान्सिस्कोला. दिल्लीहून निघालो, तर समोरच्या पडद्यावर विमान आपलं वर वरच चाललंय. वाट चुकला की काय हा? पोचल्यावर नातवानं पृथ्वीचा गोळा आणला. मी रिळाचा दोरा घेतला, एक टोक दिल्लीवर, दुसरं त्यांच्या गावावर, आणि ताणला. दोरा आपणहून उत्तर ध्रुवाकडं सरकला! जवळची वाट तीच. सपाट नकाशावर जी सरळ दिसते, ती गोळ्यावर लांब पडते. जन्मभर ताणा ओढला, पण हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

दाजी पेठ : आजोबा, भारी! पण जवळची वाट दरवेळी लवकरची नसते. २०१६ मध्ये एअर इंडियानं तेच दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं. अंतर १३,९०० चं १५,३०० किलोमीटर झालं, वेळ मात्र दोनेक तासांनी घटला. उंचावरचं वारं पश्चिमेकडून पूर्वेकडं वाहतं, ते पाठीशी आलं. काकू, म्हणून तुमचं येताना जातानापेक्षा लवकर होईल.

सगळ्यांचे आभार. यांनी आता तीन दिवस खुणावलेत. कडक भाकरी आणि शेंगाचटणी नेऊ देतात का ओ?

जुळे सोलापूर : आमची जाऊ दिली. तिकडं उतरल्यावर कस्टमवाल्यांना खायचं सामान आहे म्हणून सांगा, लपवू नका. आणि भाकरी कपड्यांच्या मधे ठेवा, आमच्या निम्म्या चुरा झाल्या.