मदत हवी आहे: ‘द रिॲलिटी वॉर’च्या शेवटावरून गटात दोन तट पडलेत, आधीचे कोणते भाग दाखवू?

राजारामपुरी_टार्डिस

‘डॉक्टर हू’ ही कालप्रवासी डॉक्टरची ब्रिटिश मालिका (मरायला टेकला की डॉक्टरचा चेहरा बदलतो, नवा नट येतो) पाहणारा नऊ जणांचा गट आहे. ॲपवर ‘सीझन १’ दिसला तिथून सुरुवात केली, म्हणजे २०२४ चा. तिथून ३१ मे २०२५ च्या ‘द रिॲलिटी वॉर’पर्यंत सगळं ओळीनं पाहून झालंय. शेवटावरून आता दोन तट पडलेत. निम्मे म्हणतात, पॉपी ही छोटी मुलगी मुळात राणी या खलनायिकेच्या खोट्या जगातली, तिच्यासाठी डॉक्टरनं जीव टाकणं म्हणजे लेखकानं मारलेली थाप. बाकीच्यांना शेवट पटलाय, पण का पटलाय ते सांगता येत नाही.

तीन गोष्टी हव्यात:
१) पॉपी नक्की कुणाची मुलगी?
२) शेवटी डॉक्टरचा चेहरा बदलून बिली पायपर ही नटी दिसते, ती पुढची डॉक्टर समजायची का?
३) तीन रविवार हॉल मिळालाय, संध्याकाळी ७ ते ९:३०. जुन्यातलं काय दाखवलं म्हणजे हा वाद निदान मुद्द्यावर येईल?

सगळं बघा म्हणू नका, तेवढा वेळ कुणाकडंच नाही.

अवकाश_पेठ

आधी तुमच्या ‘सीझन १’ चा घोळ. या मालिकेत ‘पहिला सीझन’ तीनदा येतो. २३ नोव्हेंबर १९६३ ला मालिका सुरू झाली तो एक. ती १९८९ पर्यंत २६ सीझन चालली. २६ मार्च २००५ ला लेखक रसेल टी. डेव्हिसनं ती पुन्हा उभी केली तो दुसरा. आणि २०२४ ला आकडे परत एकपासून मोजायला घेतले तो तिसरा. तुम्ही तिसऱ्या दारानं आत आलात. त्यामुळं शेवटाला जे लोक दार वाजवतात ते तुम्हाला पाहुणे वाटतात, आम्हाला घरचे. त्यात २०२३ चे तीन विशेष भाग बऱ्याच ठिकाणी वेगळ्या रांगेत टाकलेले असतात, ते तुमचे सुटलेच असणार.

आता पॉपी. ‘विश वर्ल्ड’मध्ये, म्हणजे शेवटच्याच्या आधीच्या भागात, डॉक्टरचा विरोधक कॉनराड याच्या इच्छेनं जग तयार होतं. त्यात डॉक्टर म्हणजे जॉन स्मिथ, त्याची सहप्रवासी बेलिंडा त्याची बायको आणि पॉपी दोघांची मुलगी. त्या जगात कुणाला शंका आली की कप टेबलातून आरपार खाली पडतो. राणीला नेमकी ती शंकाच हवी असते: शंकेनं जगाला तडा पाडायचा आणि फटीतून ओमेगा या डॉक्टरच्याच जमातीतल्या जुन्या खलनायकाला बाहेर काढायचं. म्हणजे तिच्या लेखी पॉपी हे निव्वळ साधन. पण ते जग मोडल्यावरही पॉपी उरते, इथपर्यंत तुमच्या पहिल्या तटाचं म्हणणं लंगडं पडतंच.

मग टार्डिसमधला, म्हणजे डॉक्टरच्या कालयानातला, जॅकेटचा प्रसंग पुन्हा लावा, आणि या वेळी फक्त हातांकडं बघा. डॉक्टर आणि बेलिंडा पुढच्या प्रवासाच्या गप्पा मारताहेत, हातात पॉपीचं छोटं जॅकेट. तो एक घडी घालून तिला देतो, ती आणखी एक घालून त्याला परत देते. दर वेळी ते लहान होत जातं, शेवटी हातात काहीच उरत नाही, आणि दोघांच्या बोलण्यात एक क्षणही खंड पडत नाही. आधीची सहप्रवासी रूबी हिला तेवढं आठवतं, कारण बदललेल्या काळातून ती आधी जाऊन आलेली आहे. संवादात एकदाही ‘मुलगी नाहीशी झाली’ न म्हणता ती नाहीशी झालेली दाखवलीय. पूर्ण सीझनमधलं सगळ्यात नेटकं काम हेच, असं माझं मत.

त्यानंतर डॉक्टर स्वतःची पुनर्जन्माची (चेहरा बदलायची) ऊर्जा खर्चून वास्तव एक अंशानं सरकवतो. पॉपी परत येते, पण पूर्ण माणूस म्हणून, बेलिंडाची मुलगी म्हणून. डॉक्टरशी नातं उरत नाही. तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर: ‘विश वर्ल्ड’मध्ये दोघांची, शेवटी एकट्या बेलिंडाची. या दोन अवस्थांमधला फरक हीच त्यानं मोजलेली किंमत. थाप म्हणायची तर त्याच्या पदरात काहीतरी पडायला हवं होतं. पडलंय का काही?

कावळानाका_कॉलिंग

भावा, जॅकेटचा प्रसंग मलाही मान्य. पण बेलिंडाचं काय केलं ते सांग की. १२ एप्रिलला सुरू झालेल्या सीझनमध्ये ती नर्स आहे, डॉक्टरला तोंडावर सुनावते, न विचारता माझी तपासणी केलीस कशी म्हणते. तिचा एकच हट्ट, २४ मे ला घरी पोचायचं. शेवटच्या भागात तिला मुलीसकट एका पेटीत उभं केलं आणि जवळजवळ सगळी लढाई तिच्याशिवाय उरकली. वरून मागचे प्रसंग बदललेल्या संवादांसह परत दाखवले, की ती पहिल्यापासून पॉपीसाठीच घरी जायचं म्हणत होती. शिवलेला सदरा उसवून त्याच कापडाची बंडी शिवल्यासारखं झालं. कापड तेच, पण माप घेतलं होतं दुसऱ्याचं.

थाप पॉपीत नाही, इथं आहे. तुमच्या गटाला वाद घालायचाच असेल तर या मुद्द्यावर घाला.

आणि राणी! राणी म्हटलं की आमच्या चौकात घोड्यावर बसून तलवार उपसलेली ताराराणी. इथं आर्ची पंजाबीसारखी नटी आणली, तिला धड दोन भाग दिले आणि ओमेगाच्या तोंडात घातली.

अवकाश_पेठ

पेटीचं मान्य. बेलिंडा झालेल्या वरदा सेतूला त्या भागात काम दिलं नाही, हे कुणीच नाकारणार नाही. पण बदललेले प्रसंग जाणूनबुजून ठेवलेत. वास्तव एक अंश सरकलं तर आठवणीही सरकणार. त्या तशाच ठेवल्या असत्या तर जॅकेटच्या प्रसंगाला अर्थ उरला नसता.

कावळानाका_कॉलिंग

सरकवा की. पण सरकवण्याआधी त्या बाईला एकदा विचारायचं होतं. पहिल्या भागात ती याच गोष्टीवर भांडली होती ना?

वेळेचा_वाणी

हा मुद्दा खणखणीत आहे, त्याला उत्तर नाही. मी प्रश्न २ आणि ३ घेतो.

बिली पायपर. श्रेयनामावली थांबवून वाचा. एरवी नवीन डॉक्टर आला की ‘ओळख करून देत आहोत’ याच्यापुढं नाव आणि त्यापुढं ‘डॉक्टरच्या भूमिकेत’ असं येतं. इथं ‘ओळख करून देत आहोत’ आणि बिली पायपरचं नाव एवढंच आहे, भूमिका लिहिलेलीच नाही. त्यामुळं ‘तीच पुढची डॉक्टर’ असं छातीठोक सांगणाऱ्याला ही पाटी दाखवा. ती याआधी दोन वेगळ्या रूपांत येऊन गेलीय: २००५ पासूनची रोझ टायलर, आणि २०१३ मध्ये ‘द मोमेंट’ नावाचं हत्यार, ज्यानं रोझचा चेहरा घेतलेला असतो. २००५ च्या शेवटी रोझ टार्डिसच्या गाभ्यात डोकावते आणि काळाची सगळी शक्ती अंगात घेते, तेही धरायला हवं. शिवाय २०२३ ला डेव्हिड टेनंटचा डॉक्टर दुभंगला. एक भाग शूटी गटवा, म्हणजे तुम्ही पाहिलेला डॉक्टर झाला आणि टेनंट लंडनमध्ये अजून आहेच. म्हणजे एका चेहऱ्याला चार तरी वाटा आहेत. डिस्नेची भागीदारी संपल्याचं आणि २०२६ च्या नाताळात विशेष भाग येणार असल्याचं बीबीसीनं ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केलं, पण या चेहऱ्याचं कोडं तेव्हा उलगडलं नव्हतं.

ॲपमधली खोड. पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सोय बंद करा. ती चालू असली की श्रेयनामावली कोपऱ्यात आक्रसते आणि काही सेकंदांत पुढचा भाग लागतो. ‘द इंटरस्टेलर साँग काँटेस्ट’मध्ये मिसेस फ्लडची राणी होते ती नेमकी श्रेयनामावली सुरू झाल्यावर. तो तुकडा हुकला की ‘विश वर्ल्ड’मध्ये राणी आकाशातून पडल्यासारखी वाटते. तुमच्या नऊपैकी किती जणांचा हुकलाय, विचारून बघा.

वेळापत्रक. अडीच तास म्हणजे १५० मिनिटं. चहा-भडंगाला १५ वजा, उरली १३५. नव्या मालिकेचा साधा भाग साधारण ४५ मिनिटांचा, म्हणजे तीन बसतात.

पहिला रविवार: २००५ चे शेवटचे दोन, ‘बॅड वुल्फ’ आणि ‘द पार्टिंग ऑफ द वेज’. दुसरा एकटा दाखवू नका, गोष्ट जोडून आहे. तिसरा २००८ चा ‘मिडनाइट’, कारण तुम्ही पाहिलेला ‘द वेल’ त्याचाच पुढचा भाग आहे.

दुसरा रविवार: २०१३ चा ‘द डे ऑफ द डॉक्टर’ (‘द मोमेंट’ त्यातच), सव्वा तासाहून थोडा जास्त. मग २०२३ चा ‘द गिगल’ (टेनंट दुभंगतो तो), साधारण तासाभराचा. या दिवशी चहाला दहाच मिनिटं द्या, नाहीतर साडेनऊ ओलांडतील.

तिसरा रविवार: १९८५ चा ‘द मार्क ऑफ द राणी’, ४५ मिनिटांचे दोन भाग. त्यानंतर ‘द रिॲलिटी वॉर’ची शेवटची २५ मिनिटं पुन्हा. जॅकेट, एक अंश आणि पाटी, तिन्ही त्यातच येतात.

ओमेगाचा_मुखवटा

‘द थ्री डॉक्टर्स’ कुठं आहे मर्दा? ओमेगा पहिल्यांदा तिथं येतो. डिसेंबर १९७२ ते जानेवारी १९७३, चार भाग, प्रत्येकी २५ मिनिटं. तो मुखवटा काढतो आणि आत काहीच नसतं. देह कधीचा झिजून गेलाय, नुसत्या इच्छाशक्तीवर टिकलाय. ते पाहिल्याशिवाय २०२५ चा सांगाड्याचा राक्षस बघण्यात काय मजा?

वेळेचा_वाणी

मजा आहे, म्हणूनच वगळला. १०० मिनिटं देऊन गट एवढंच शिकेल की ओमेगा आधी चांगला होता. त्यांचा वाद पॉपीचा आहे. मुखवट्याचा शेवटचा तुकडा पाच मिनिटं चहाच्या वेळी दाखवा, बास.

राजारामपुरी_टार्डिस

लई भारी, यादी ठरली. बेलिंडाला विचारलं नाही हा मुद्दा दोन्ही तटांच्या डोक्यात आला नव्हता, तिसऱ्या रविवारी तोच पहिला काढतो. एक अडचण: जुने भाग एकाकडं लंडनहून आणलेल्या डिस्कवर आहेत. काही डीव्हीडी, काही ब्ल्यू-रे. इथल्या प्लेअरवर चालतील का?

डबा_दुरुस्ती

आधी डब्याची मागची बाजू बघा. डीव्हीडीवर पृथ्वीच्या गोळ्यात आकडा असतो: ब्रिटनचा २, भारताचा ५. ब्ल्यू-रेवर षटकोनात अक्षर असतं: ब्रिटनचं बी, भारताचं सी. चित्राच्या पद्धतीची काळजी नको, दोन्हीकडं पाल (PAL) हीच पद्धत.

डीव्हीडीचं निभावतं. इथं मिळणारे बरेच प्लेअर सगळे विभाग घेतात. लॅपटॉपची ड्राइव्ह वापरणार असाल तर विभाग बदलायचा की नाही असं विचारल्यावर चटकन ‘हो’ दाबू नका. तो जेमतेम पाच वेळाच बदलता येतो, पाचव्यांदा जो ठेवाल तोच कायमचा बसतो. आधी व्हीएलसी या मोफत प्लेअर-सॉफ्टवेअरमध्ये लावून बघा, पुष्कळदा विभाग न बदलताच चालते.

ब्ल्यू-रेचं अवघड. बी शिक्क्याची डिस्क सी प्लेअर सरळ नाकारतो, आणि त्यावर घरगुती इलाज नाही. एकतर सर्व-विभागी प्लेअर मिळवा, नाहीतर तेवढ्यापुरती डीव्हीडी शोधा. हे रविवारी संध्याकाळी सात वाजता कळण्यापेक्षा शनिवारीच डिस्क घालून दहा मिनिटं चालवून बघा, सबटायटल येतात का तेही तपासा. १९८५ च्या भागात खाणकामगारांची बोली आहे, सबटायटलशिवाय अर्धं डोक्यावरून जाईल.

वेळेचा_वाणी

पावसात वीज जाते तेही धरून ठेवा. प्रोजेक्टर आणि स्पीकर मिळून ३०० वॅट धरले तर १२ व्होल्ट १५० एएचची चांगली बॅटरी दोन-अडीच तास सहज ओढते, जुनी असेल तर तासाभरातच मान टाकते. पंखे इन्व्हर्टरवर ठेवू नका.

राजारामपुरी_टार्डिस

डबे बघितले. ‘मार्क ऑफ द राणी’ डीव्हीडीवर निघाला, गोळ्यात २. ‘थ्री डॉक्टर्स’ ब्ल्यू-रेवर, षटकोनात बी.

ओमेगाचा_मुखवटा

म्हणजे मुखवट्याच्या आत काही नाही ते नाहीच, आता मुखवटाही नाही. सर्व-विभागी प्लेअरची चौकशी मी शाहूपुरीत करतो, शनिवारपर्यंत इथंच कळवतो.