वाचनाची नोंद वेबसाइटवर ठेवावी का? मी म्हणतो ठेवावीच

परभणीचा वाचक:
मागच्या वर्षी काय वाचलं असं कुणी विचारलं तर आपल्यातल्या बऱ्याच जणांना चार नावं धड सांगता येत नाहीत. म्हणून मला वाटतं गुडरीड्स नाहीतर स्टोरीग्राफ असल्या वाचकांच्या वेबसाइटवर नोंद ठेवायलाच पाहिजे. वाचलेलं, सध्या वाचायलोय ते, वाचायचंय ते, असे कप्पे तयारच असतात, पुस्तक संपलं की तारीख टाकायची, झालं. खरा फायदा 'वाचायचंय'मधे हाय. कुणी चांगलं नाव सांगितलं की आपण हो हो म्हणतो आन् संभाजीनगरला औरंगपुऱ्यातल्या पुस्तकांच्या दुकानात उभं राहिलं की एक नाव आठवत नाही. यादी मोबाइलात असली की सरळ तेच मागता येतं.

लातूरची वहीवाली:
नाही पटत. गुडरीड्सवर वर्ष लागलं की यंदा किती पुस्तकं वाचणार तो आकडा टाकायचं चॅलेंज असतंय. एकदा आकडा टाकला की माणूस पुस्तक नाही बघत, पानं मोजतो. डिसेंबरात पातळ पुस्तकं शोधायची आणि सहाशे पानांची कादंबरी पुढच्या वर्षावर ढकलायची, हे मी चांगल्या वाचणाऱ्यांचं झालेलं बघितलंय. कवितासंग्रह महिनाभर उशाशी ठेवून वाचायचा असतो, त्याचे टक्के काय काढायलात? वही घ्या, तारीख लिहा, नाव लिहा, आवडलेली ओळ उतरवून घ्या, बस.

परभणीचा वाचक:
आकड्याची सक्ती कुठंय ताई, नका टाकू. मी टाकतच नाही.

नांदेडची मास्तरीण:
आकड्याचं राहू द्या, माझी अडचण वेगळी आहे. मराठी पुस्तक शोधलं की एकतर सापडत नाही, नाहीतर तेच पुस्तक दोनदा दिसतं, एकदा देवनागरीत, एकदा रोमनमधे, लेखकाच्या नावाचं स्पेलिंग पण दोन्हीकडं वेगळं. आयएसबीएनची, म्हणजे प्रत्येक पुस्तकाला वेगळा नंबर द्यायची पद्धतच 1970 च्या आसपास सुरू झाली, त्याआधीच्या प्रतींवर नंबरच नाही तर बारकोड स्कॅन करून काय मिळणार? आणि दिवाळी अंक कुठं टाकायचे? आपल्याकडं दिवाळीनंतर चार महिने वाचन त्यांचंच चालतं, ते धरलंच नाही तर नोंदीत आपण काही वाचलंच नाही असं दिसतं. मला याचा मनापासून राग येतो.

धाराशिवकर:
मॅडम, राग बरोबर हाय, पण मग मराठी पुस्तकं तिथं टाकणार कोण? तिथं बसलेल्या माणसाला मराठी येत नाही. ओपन लायब्ररी ही पुस्तकांच्या नोंदींची साइट इंटरनेट आर्काइव्ह या ना-नफा संस्थेची आहे, तिथं खातं काढून कुणालाही पुस्तकाचं पान तयार करता येतं, स्टोरीग्राफवर पण नसलेलं पुस्तक स्वतः भरता येतं. गुडरीड्सवर एकाच पुस्तकाच्या वेगवेगळ्या नोंदी जोडायचं काम तिथले स्वयंसेवक लायब्ररियन करतात. आपल्या जिल्ह्यातल्या लेखकांची पुस्तकं आपण नाही भरली तर पुणे-मुंबईचे भरतील अशी वाट बघत बसायची का?

लातूरची वहीवाली:
म्हणजे फुकट मेहनत आपण करायची आणि मालकी त्यांची? गुडरीड्स 2013 ला अॅमेझॉननं घेतलं. मी काय वाचते हे पुस्तक विकणाऱ्या कंपनीला कशाला कळायला पाहिजे?

परभणीचा वाचक:
हा मुद्दा वजनदार हाय, मान्य. पण गुडरीड्सवरची आपली सगळी यादी सीएसव्ही, म्हणजे एक्सेलमधे उघडणारी साधी फाइल म्हणून उतरवून घेता येते आणि तीच फाइल स्टोरीग्राफवर चढवता येते, ती साइट अॅमेझॉनची नाही. वर्षातून एकदा फाइल काढून ठेवायची, मग साइट बंद पडू दे नाहीतर विकू दे. वही पावसात भिजली की गेली.

जालन्याचा:
तुम्ही सगळे पुस्तक मिळतंच असं धरून बोलायलेत. तालुक्याचं वाचनालय सरकारच्या अ, ब, क, ड वर्गांपैकी 'क' वर्ग, अनुदान वर्गाप्रमाणं, वर्षाला खरेदी ती किती. साइटवर 'वाचायचंय'ची यादी लांबत जाते आणि कपाटात त्यातलं एक नसतं. माझं नियोजन कपाटापासून सुरू होतं, साइटपासून नाही.

नांदेडची मास्तरीण:
पण खरेदीच्या आधी ती यादी ग्रंथपालांना देता येते की! आमच्या इथं वाचक नावं देतच नाहीत, मग जे स्वस्तात मिळतं ते गठ्ठ्यानं येतं. दहा वाचकांच्या याद्यांमधे एकच नाव आलं तर ते पुस्तक घ्यावंच लागेल.

लातूरची वहीवाली:
हे पटलं. मी वहीतून उतरवून देईन. ते वर्षाचं चॅलेंज मात्र शाळेतल्या पोरांना लावू नका, एवढं ऐका मॅडम.