केंड, फुगू आणि 'विषारी' : नेमका शब्द कोणता?

भाषांतर करतेय, त्यात पफरफिश आलाय. आधी 'फुग्या मासा' लिहिलं, मग कळलं की कोळी लोकांचा 'केंड' हा शब्द आहेच. तो चालेल का? दुसरं म्हणजे 'विषारी मासा' असं वाचून एकाने विचारलं, चावतो का? फुगणे आणि या माशाचं जपानी नाव 'फुगू' यांचं काही नातं आहे का तेही सांगा.

---

केंडच लिही, पहिल्यांदा येईल तिथे पफरफिश जोडून दे म्हणजे झालं. फुग्या म्हटलं की हवा भरल्यासारखं वाटतं आणि हा तर पाणी घटाघट गिळून फुगतो, त्याला बरगड्याच नसतात त्यामुळे पोट ताणायला अडवणारं काही नाही, आणि एरवी कातडीलगत आडवे पडलेले काटे फुगल्यावर ताठ उभे राहतात, गिळणाऱ्याच्या घशात अडकेल असा गोळा होतो. पाण्याबाहेर काढला तर हवाही गिळतो म्हणा, पण ती बाहेर टाकणं त्याला जड जातं, म्हणून गंमत म्हणून फुगवू नये.

---

'विषारी'चा घोळ आपल्याकडे जुनाच, नागही विषारी आणि धोतराही विषारी. केंड धोतऱ्याच्या बाजूचा. चावतो जोरात (वरखाली दोन-दोन दातांच्या पट्ट्या, चोचच ती, शास्त्रीय नावातलं टेट्राओडॉन म्हणजे चार दात) पण दंशातून विष सोडत नाही. विष असतं यकृतात, अंडाशयात, काही जातींत कातडीतही, आणि सगळ्याच जाती विषारी नसतात. टेट्रोडोटॉक्सिन नाव त्याचं, ते मज्जातंतूंमधले सोडियमचे मार्ग बंद करतं, स्नायू लुळे पडतात, श्वास थांबतो, माणूस बऱ्याचदा शुद्धीत असतो आणि उतारा नाही. केंडाचे स्वतःचे मार्ग वेगळ्या घडणीचे म्हणून त्याला काही होत नाही. विष मुळात जिवाणूंचं, खाण्यातून साठतं. तेव्हा 'खाल्ल्यास विषबाधा होते' असं लिही, प्रश्नच मिटला.

---

फुगू आणि फुगणे हा निव्वळ योगायोग. जपानीत लिहिताना नदी आणि डुक्कर अशी दोन चिन्हं जोडतात.

---

वा, नदीडुक्कर! मग 'धोका दिसताच केंड फुगून बसतो' असं वाक्य टाकू?

---

नको गं, रुसलाय असं वाटेल. 'टम्म फुगतो' लिही.