जनुकांवरून मधुमेहाचा धोका: युरोपच्या डेटावर शिकलेलं मॉडेल आपल्याला चालेल का?

कृष्णाकाठ:
थुंकीचा नमुना पाठवा, मधुमेहाचा आणि हृदयविकाराचा धोका कळवतो, अशा चाचण्या आता आपल्याकडेही विकल्या जातात. डीएनएतल्या शेकडो-हजारो बारीक फरकांना गुण देऊन संगणक बेरीज करतो, तो पॉलिजेनिक रिस्क स्कोअर. कुठल्या फरकाला किती गुण द्यायचे हे, संगणकाचं मॉडेल कुणाच्या डेटावर शिकलं त्यावर ठरतं. 2019 च्या एका शोधनिबंधात हिशेब होता: जनुकं आणि आजार यांचा संबंध शोधणाऱ्या अभ्यासांतले सुमारे 79 टक्के लोक युरोपीय वंशाचे. आपल्या लोकांवर तपासल्याशिवाय हा स्कोअर पेशंटच्या हातात देऊच नये.

देवयानी_एस:
असहमत. पुण्याचं केईएम रुग्णालय, हैदराबादची सीसीएमबी ही संशोधन संस्था आणि इंग्लंडचं एक्सेटर विद्यापीठ यांचा 2020 चा अभ्यास बघा. आपल्याकडे तिशीतल्या सडपातळ माणसालाही टाइप 2, म्हणजे नेहमी आढळणारा मधुमेह होतो, त्यामुळे टाइप 1, म्हणजे शरीरात इन्सुलिन बनणंच थांबतं तो प्रकार, कुणाला हे नुसतं बघून ओळखता येत नाही. टाइप 1 वाल्याला इन्सुलिनऐवजी नुसत्या गोळ्यांवर ठेवलं तर जिवावर बेततं. युरोपीय डेटातून बनवलेल्या स्कोअरने पुण्याच्या पेशंटमध्ये हे दोन प्रकार चांगले वेगळे करून दाखवले. सगळा डेटा नव्याने जमेपर्यंत थांबायचं, तर तोवर या पेशंटचं काय?

कृष्णाकाठ:
देवयानीताई, पुण्यात तपासलं म्हणूनच तुम्ही इतक्या खात्रीने सांगू शकताय! शिवाय टाइप 1 मध्ये डीएनएतल्या एचएलए या, रोगप्रतिकारशक्तीशी संबंधित एका भागाचा वाटा फार मोठा, म्हणून तो स्कोअर टिकला. टाइप 2 मध्ये फरक शेकडो आणि प्रत्येकाचा परिणाम चिमूटभर. अशा स्कोअरची अचूकता दक्षिण आशियाई लोकांत एकंदरीत घसरते, हे त्या 2019 च्याच निबंधात आहे.

गावचा_दवाखाना:
माझ्याकडे पेशंट रंगीत रिपोर्ट घेऊन येतात. 'मधुमेह: धोका जास्त', लाल पट्टी. किती वर्षांत, कुणाच्या तुलनेत, काही लिहिलेलं नसतं. मी कंबर मोजते, घरात कुणाला आहे विचारते, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्तचाचणी) करायला सांगते. पट्टी लाल असो की हिरवी, माझा सल्ला बदलत नाही. हिरवी बघून निर्धास्त झालेल्यांची मला जास्त काळजी वाटते.

देवयानी_एस:
डॉक्टर, आजची साखर मोजून विशीतल्या पोराचा पुढचा धोका कळत नाही. आणि डेटा येतोय की! जीनोम इंडिया या सरकारी प्रकल्पाने 83 समाजगटांतल्या सुमारे 10,000 जणांचे जीनोम, म्हणजे संपूर्ण डीएनए, वाचले, जानेवारी 2025 मध्ये फरीदाबादच्या जैविक डेटा केंद्रातून तो डेटा संशोधकांना खुला झाला.

कृष्णाकाठ:
त्याचं मनापासून स्वागत. पण ते नमुने निरोगी लोकांचे आहेत. मॉडेलला शिकायला पुढच्या दहा-पंधरा वर्षांत कुणाला काय झालं याची नोंद लागते, आणि आपल्याकडे केसपेपर हरवला की सरळ नवा काढतात.

देवयानी_एस:
मग ज्यांना आज स्कोअर सांगतोय त्यांचीच संमती घेऊन दरवर्षी साखर नोंदवू या. वापर थांबवला तर ही नोंद सुरू कोण करणार?