कोरियन पाहुण्याला रस्ता सांगताना माझं नेमकं काय चुकलं?

उद्यमबाग_फिटर
नमस्कार ओ मंडळी. मी बेळगावचा, उद्यमबागेत एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. आमच्याकडं कोरियाहून नवीन मशीन आलंय आणि ते बसवायला दोघं कोरियन आलेत तीन आठवडे, एक पन्नाशीचे साहेब आणि एक माझ्याच वयाचा पोरगा. आता माझी बायको दोन वर्षं कोरियन सिरियली बघते आणि तिच्या शेजारी बसून बसून मलाही चार शब्द यायला लागलेत, मग काय, कारखान्यात मीच दुभाषी झालो फुकटचा.

परवा संध्याकाळी साहेबांना कुंदा (आमची बेळगावची खव्याची मिठाई) घ्यायचा होता. त्यांचं हॉटेल टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटाजवळ, दुकान गेटाच्या पलीकडं, चालत दहा मिनिटं. त्यांनी मला विचारलं कसं जायचं. मी म्हटलं इंग्रजीत काय सांगायचं, आपल्याला येतंय की, आणि एकदम नम्रपणे म्हणालो "जेबाल, जॉगी का". माझ्या डोक्यात "प्लीज, तिकडं जावा". तर साहेबांचा चेहरा असा झाला की मी त्यांच्या मशीनवर चहा सांडलाय, आणि तो तरुण पोरगा खिडकीकडं तोंड करून खांदे हलवत हसालता. मला कोणी काही बोललं नाही, साहेब नुसतं "ने, ने" (हो, हो) म्हणाले आणि रिक्षा करून गेले.

बायकोला विचारलं तर ती पण हसली, खरं तिला नीट सांगता येईना काय चुकलं ते. कोणाला येत असेल तर सांगा, अजून दोन आठवडे काढायचेत त्यांच्याबरोबर.

निपाणीची_पोर
अरे देवा 😂 दादा तुम्ही साहेबांना "पाया पडते तुमच्या, जा एकदाचे" म्हणालात.

सांगते. सिरियलमध्ये "जेबाल" कधी येतं आठवा. हिरॉईन रडत रडत दार लावून घेते तेव्हा. ती विनवणी आहे, गयावया करणं. इंग्रजीतल्या प्लीजच्या जागी तो शब्द लावायचा नाही, रस्ता सांगताना तर नाहीच नाही. कोरियनमध्ये प्लीज असा वेगळा शब्द शोधतच बसू नका, तो मान क्रियापदाच्या शेपटीत असतो. आपल्याकडं तरी "कृपया उजवीकडे वळा" कोण म्हणतं, ते फक्त बोर्डावर.

दुसरं म्हणजे "का". कोरियनमध्ये का म्हणजे "जा", अरेतुरेतलं. मित्राला, धाकट्या भावाला. पन्नाशीच्या माणसाला नाही. शेवटी "यो" लावला की "कायो", ते साधं आदराचं. आणि मध्ये "शि" घातला की "कासेयो" (शि आणि ऑयो मिळून सेयो होतं), ते "जावा". रस्ता सांगायला कमीत कमी कासेयो पाहिजेच.

सरळ म्हणजे च्चुक, उजवीकडं ओरुन्च्चोगुरो, डावीकडं वेन्च्चोगुरो, वळा म्हणजे तोसेयो, ओलांडा म्हणजे कॉन्नॉसेयो. मी ऑ लिहिलंय तिथं ऑफिसमधला ऑ म्हणायचा. आणि पहिल्या अक्षरातला क हा क आणि ग च्या मधला असतो, त्यामुळं कोणी गासेयो लिहिलं तर गोंधळू नका, तेच आहे.

कुंदाप्रेमी
बाकी सगळं राहू दे, साहेबांना कुंदा मिळाला की नाही ते सांगा आधी

खानापूरकर
मी सहा वर्षं कोरियात सुवॉनला होतो, आता परत आलोय गावाकडं. वरच्या ताईंनी बरोबर सांगितलंय खरं मी एक पायरी पुढं जातो. नुसतं कासेयो कासेयो म्हटलं तर चुकीचं नाही, रस्त्यावर सगळे तसंच सांगतात, पण चार वाक्यं ओळीनं तशी आली की हुकूम सोडल्यासारखं वाटतं. जावा, वळा, ओलांडा, थांबा. पीटीच्या सरांसारखं. तिथली माणसं मोठ्यांना सांगताना बहुतेक वेळा "काशिम्यॉन द्वेयो" म्हणतात. म्यॉन म्हणजे आपला "की" किंवा "तर", आणि द्वेयो म्हणजे "झालं, भागतं". म्हणजे "गेलात की झालं". बघा, हे आपण बेळगावात रोजच म्हणतो. मला तर पहिल्या वर्षी हे कळल्यावर कोरियन एकदम सोपं वाटायला लागलं, कारण तोवर मी सगळं इंग्रजीतून उलटं करून बोलत होतो. क्रियापद शेवटी, "कडं" "पाशी" "पर्यंत" हे शब्दाच्या मागं, सगळं मराठीसारखंच आहे, इंग्रजीला मध्ये घ्यायचंच कशाला.

तुमचा रस्ता मी बसवून देतो. गेटापासून धरतो, दुसऱ्या गल्लीत उजवीकडं आणि मेडिकलच्या बाजूला दुकान असं समजून, तुम्ही बदलून घ्या.

"छॉल्दो कॉन्नॉल्मोगुल कॉन्नॉसॉ च्चुक काशिदागा, तू बॉन्च्चे कोल्मोगेसॉ ओरुन्च्चोगुरो तोशिम्यॉन द्वेयो. याक्कुक यॉफे इस्सॉयो."

आता शब्दाला शब्द लावा: रेल्वेचं फाटक ओलांडून, सरळ जाता जाता, दुसऱ्या गल्लीपाशी उजवीकडं वळलात की झालं. मेडिकलच्या बाजूला आहे. एक शब्द इकडचा तिकडं करावा लागला नाही. ते "काशिदागा" मधलं "दागा" म्हणजे हुबेहूब आपलं "जाता जाता". आणि कॉन्नॉल्मोक हा शब्द लक्षात ठेवा, रेल्वे फाटकाला तोच म्हणतात, बेळगावात राहून फाटकाशिवाय कुठला पत्ता सांगणार तुम्ही.

अजून एक, बोट दाखवू नका. एक बोट माणसाकडं किंवा रस्त्याकडं रोखलेलं तिथं उद्धटपणाचं वाटतं, पूर्ण पंजा उघडा, तळवा वर करून दाखवायचा. आपल्याकडची हनुवटीनं दाखवायची पद्धत तर अजिबात नको, मी एकदा केली होती, समोरच्या आजी माझ्या मानेला काय झालं विचारालत्या.

निपाणीची_पोर
दागा बद्दल भारी सांगितलंत. पण सगळ्याच क्रियापदांना शिम्यॉन द्वेयो लावायची गरज नाही हं, नाहीतर वाक्य इतकं लांब होतं की नवीन माणूस मध्येच अडकतो. मी म्हणेन शेवटच्या वळणाला तेवढं लावा, आधीची कासेयो चालतात. स्टेशनच्या अनाउन्समेंटमध्ये "शिप्शिओ" ऐकू येतं तेही मान देणारंच आहे, पण ते माईकवरचं, समोरासमोर म्हटलं तर तुम्ही बस कंडक्टर वाटाल.

आणि दादा, "तुम्ही" साठी "तांगशिन" वापरलं नाहीत ना? पुस्तकात अर्थ तुम्ही असा दिलेला असतो पण ते नवराबायकोत नाहीतर भांडणात. कर्ता गाळूनच टाकायचा. हाक मारायची तर पदाला निम लावून.

उद्यमबाग_फिटर
तांगशिन नाही म्हणालो, वाचलो. पद म्हणजे काय ओ, त्यांच्या कार्डावर जनरल मॅनेजर लिहिलंय, खरं तो पोरगा त्यांना पूजांगनिम पूजांगनिम म्हणतोय सारखा, मला वाटलं ते त्यांचं नाव 🙈

खानापूरकर
हाहा. पूजांग म्हणजे डिपार्टमेंटचा हेड, निम म्हणजे साहेब. तुम्ही पण पूजांगनिमच म्हणा. रस्त्यावर अनोळखी माणूस असेल तर लक्ष वेधायला "जॉगियो", फारच अदबीनं म्हणजे "शिल्ल्येहाम्निदा", आणि पद माहीत नसलेल्या मोठ्या माणसाला "सॉन्सेंगनिम", म्हणजे शब्दशः गुरुजी.

चिकोडीचे_गुरुजी
गुरुजी म्हटल्यावर मला यावंच लागलं 😄 मला कोरियन येत नाही, नातीमुळं हा धागा वाचतोय. पण तुम्ही जे यो सांगताय ते वाचून मला आपली "री" आठवली. आमच्या चिकोडी भागात कन्नड बोलताना "होग" म्हटलं की अरेतुरे, "होग्री" म्हटलं की मान. "बा" आणि "बर्री". शब्द तोच, शेपूट वेगळी. आणि आपल्या मराठीतला "ओ" पण तसाच, "हो की ओ", "बसा की ओ". पुण्याची माणसं विचारतात हा ओ कशाला लावता, त्यांना काय सांगायचं. कोरियन माणसाला बरोबर कळेल.

तर माझा प्रश्न असा, यो आणि शि दोन्ही मानाचेच असतील तर दोन कशाला?

निपाणीची_पोर
गुरुजी एक नंबर प्रश्न. यो हा ऐकणाऱ्याला, म्हणजे तुमची री. शि हा क्रियापद करणाऱ्याला, म्हणजे ज्याच्याबद्दल बोलतोय त्याला, जसं आपण "आजोबा आला" न म्हणता "आजोबा आले" म्हणतो. रस्ता सांगताना ऐकणारा आणि जाणारा एकच असतो म्हणून दोन्ही एकत्र येतात आणि फरक दिसत नाही. पण मैत्रिणीशी तिच्या आजीबद्दल बोलताना शि राहतो आणि यो जातो. आणि स्वतःला शि कधीच लावायचा नाही, "मी आलेत" म्हटल्यासारखं होतं. मी पहिल्या वर्षी लावला होता, आमच्या ऑनलाईन क्लासच्या टीचर पाच मिनिटं म्यूट झाल्या.

स्वतःबद्दल बोलताना उलट खाली जायचं. "मी तुमच्यासोबत येऊ का" हे "काछी का तुरिल्कायो". ते "तुरि" म्हणजे देणं, पण आपण खालून वर देतो तसं देणं, अर्पण म्हणा हवं तर. दादा, दहा मिनिटांचाच रस्ता होता, हेच म्हणायचं होतं की!

कुंदाप्रेमी
बरोबर, आणि जाताना एक किलो माझ्यासाठी

शहापूरची_वहिनी
माझा भाऊ पुढच्या महिन्यात कोरियात देजॉनला चाललाय शिकायला. त्याला तिथं उलट पत्ता विचारावा लागेल ना. तिथं पण आपल्यासारखं शनिमंदिराच्या मागं, बँकेच्या समोर असंच सांगतात का? की मोबाईलमध्येच बघतात सगळे?

खानापूरकर
वहिनी, दोन्ही. मोबाईलवर तिथली माणसं नेवर मॅप नाहीतर काकाओमॅप वापरतात, ते आधीच डाउनलोड करायला सांगा. विचारायचं असेल तर जागेचं नाव आणि पुढं "ऑत्तॉके कायो?", म्हणजे कसं जायचं.

तोंडी पत्ता खुणेवरूनच सांगतात आणि त्याला कारण आहे. तिथं जुने पत्ते जमिनीच्या तुकड्याच्या नंबरावर होते, आपल्या सर्वे नंबरासारखे, त्यामुळं शेजारशेजारच्या घरांचे नंबर लागून असतीलच असं नाही, पत्त्यावरून घर सापडणं मुश्कील. मग १ जानेवारी २०१४ पासून रस्त्याच्या नावाचे पत्ते पूर्णपणे लागू केले. ती पद्धत मला फार आवडली. रस्त्याच्या नावाच्या शेवटी देरो असेल तर एकदम रुंद, रो असेल तर मधला, किल असेल तर गल्लीबोळ. नंबर रस्त्याच्या सुरुवातीपासून साधारण वीस वीस मीटरला वाढत जातात, डाव्या हाताला विषम आणि उजव्या हाताला सम. म्हणजे नुसती पाटी वाचून कळतं अजून किती चालायचंय. खरं पिढ्यान् पिढ्यांची सवय जात नाही, माणसं अजून मेट्रोच्या एक्झिटवरूनच सांगतात. "ई बॉन छुलगू", दोन नंबरचं एक्झिट, तिथून फार्मसी, तिथून गल्ली. चुकीच्या एक्झिटनं वर आलात तर आठ पदरी रस्ता ओलांडायची शिक्षा, म्हणून भावाला सांगा एक्झिटचा नंबर आधी विचार.

आणि अगदीच अडला तर १३३० ला फोन करायचा, पर्यटकांसाठीची हेल्पलाईन आहे, इंग्रजीत बोलतात.

चिकोडीचे_गुरुजी
सम विषम बाजू हे आपल्या पालिकेनं ऐकावं. आमच्या गल्लीत १४ नंतर थेट २२/ब आहे.

उद्यमबाग_फिटर
मंडळी, अपडेट. काल संध्याकाळी पूजांगनिमना मेडिकल स्टोअर पाहिजे होतं, पोट बिघडलं होतं (कुंदा मिळाला होता ओ, तोच बहुतेक नडला). मी हात धुऊन, पंजा उघडा करून, खानापूरकरांचं वाक्य अर्धं कापून म्हणालो. पहिल्यांदा ओरुन्च्चोगुरो म्हणताना हात डावीकडं गेला, मग सुधारलं. ते थांबले, माझ्याकडं बघितलं आणि "ओ! चाल हाशिनेयो" म्हणाले, बायको म्हणते ते शाबासकीचं आहे. मग मी "काछी का तुरिल्कायो" विचारलं आणि गेलो बरोबर. वाटेत त्यांनी फाटकाकडं हात करून कॉन्नॉल्मोक म्हटलं, मी फाटक म्हटलं, त्यांनी तीन वेळा "फाथक" म्हणून बघितलं. गाडी येणार होती म्हणून फाटक पडलं आणि आम्ही पंधरा मिनिटं तिथंच उभे. याला कोरियनमध्ये काय म्हणायचं ते मला येईना, मी नुसतं घड्याळ दाखवलं.

आता त्यांना रविवारी गोकाक धबधब्याला जायचंय आणि बस कुठून सुटते ते मलाच विचारतायत. मी कधी बसनं गेलोच नाही ओ. सांगू की नको, अंदाजानं?

निपाणीची_पोर
अंदाजानं नको!! आपली ही एक सवय फार वाईट, माहीत नसलं तरी "हे काय, पुढं गेलात की लागतंच" म्हणून माणसाला पाठवून देतो. सरळ म्हणा, "च्वेसोंगहाजिमान चाल मोरुगेस्सुम्निदा". माफ करा, मला नीट माहीत नाही. हे फार अदबीचं वाक्य आहे. आणि मग स्टँडवर जाऊन विचारून या आणि सोमवारी कारखान्यात सांगा.

उद्यमबाग_फिटर
सोमवारी सांगून काय उपयोग, रविवारी जायचंय 😭

निपाणीची_पोर
अगं बाई हो. मग शनिवारी.

खानापूरकर
रविवारी मी येतोय बेळगावला तसंही, बायकोच्या माहेरी. मेसेज करा, मी नेतो दोघांना स्टँडपर्यंत. परत आल्यापासून कोणी कोरियन बोलायला मिळालं नाही इकडं.

कुंदाप्रेमी
मी पण येतो