ऑफिसातल्या व्हर्च्युअल मशीनला घरून कसं जोडायचं? मदत हवी आहे

मंडळी, जरा अडलंय. ऑफिसात ३२ जीबी रॅमचा एक तगडा पीसी आहे, त्यावर टॅली चालतं म्हणून विंडोज काढता येत नाही, तर मी त्यातच व्हर्च्युअलबॉक्स (पीसीच्या आत दुसरा आभासी पीसी चालवणारं सॉफ्टवेअर) टाकून आत उबंटू सर्व्हर (लिनक्स) बसवला, ८ जीबी रॅम नि ४ कोअर दिले. इथपर्यंत झकास. आतून इंटरनेट चालतं, अपडेट उतरतात, पण शेजारच्या टेबलावरच्या लॅपटॉपवरून एसएसएच (दुरून कमांड लाइनवर लॉगिन) केलं की नुसतं ताटकळत बसतं आणि शेवटी टाइमआउट. मशीनचा आयपी १०.०.२.१५ दाखवतोय, आमचं नेटवर्क तर १९२.१६८.१ वालं, मग हा पत्ता आला कुठून?

शिवाय मला हे रात्री घरून वापरायचंय. नेटवाल्याला पोर्ट (बाहेरून आत यायचं दार) उघडून दे म्हटलं तर तो म्हणतो तुम्हाला पब्लिक आयपीच नाही. राउटरमध्ये १००.७२ असा काहीतरी दिसतो.

आणि एक बाळबोध शंका, ८ जीबी दिली म्हणजे ती विंडोजची कायमची गेली का? टॅली हळू झालं की अकाउंट्सच्या मॅडम माझ्याकडेच बघतात. यूट्यूबवाले सगळे नेक्स्ट नेक्स्ट फिनिश करून मोकळे.

प्रतिसाद:
१०.०.२.१५ हा व्हर्च्युअलबॉक्सच्या नॅटचा (मशीनला होस्ट पीसीच्या पत्त्याआड ठेवणारी नेटवर्कची पद्धत) ठरलेला पत्ता, बहुतेकांकडे हाच दिसेल. नॅटमध्ये मशीन बाहेर जातं पण बाहेरच्याला आत यायला वाट नसते, म्हणून टाइमआउट. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आलं असतं तर पोचतंय पण एसएसएच सर्व्हिस बंद आहे असं धरलं असतं. सेटिंगमध्ये नेटवर्कला ब्रिज्ड अडॅप्टर करा, राउटरच त्याला तुमच्यातला पत्ता देईल. ते नको तर नॅटच ठेवून पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये होस्टचा (विंडोजचा) २२२२ पोर्ट गेस्टच्या (उबंटूच्या) २२ ला जोडा, विंडोज फायरवॉलला तेवढी परवानगी द्या.

नेटवाला खरं बोलतोय. १००.६४ ते १००.१२७ म्हणजे सीजीनॅट, एक पब्लिक आयपी बऱ्याच गिऱ्हाइकांत वाटलेला, तिथे तुमच्या राउटरवर पोर्ट उघडून काही होत नाही. उबंटूत आणि घरच्या लॅपटॉपवर टेलस्केल (दोन्ही मशीन खाजगी नेटवर्कने जोडणारं व्हीपीएन) टाका, काम होईल. आणि पुढेमागे पब्लिक आयपी मिळालाच तर रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट जगाला उघडा ठेवू नका हो, बॉट टपलेलेच असतात.

रॅम मशीन चालू असेपर्यंतच अडकते, बंद केलं की परत. कोअर मात्र राखीव नसतात, विंडोजबरोबर वाटून घेतले जातात, त्यामुळे उबंटूत जड काम लावलं की टॅली अडखळणारच. २ कोअर करून बघा.

मूळ धागाकर्ता:
ब्रिज्ड केलं आणि लगेच लॉगिन झालं, लय भारी! टेलस्केल आज रात्री टाकतो. फक्त, विंडोज अपडेट होऊन रिस्टार्ट झालं तर मशीन आपोआप कसं उठेल?

प्रतिसाद:
विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये व्हीबॉक्समॅनेजची (व्हर्च्युअलबॉक्सचं कमांड टूल) स्टार्टव्हीएम कमांड हेडलेस मोडमध्ये (खिडकी न उघडता) लावा. ज्या युजरने मशीन बनवलंय त्याच्याच नावाने टास्क करा, नाहीतर ते सापडणार नाही. आणि पीसीचं स्लीप बंद करा, ते पहिलं.